पाण्याकाठच्या आळ्या

कुर्ल्याहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने रत्नागिरी, मडगाव करत दुसऱ्या दिवशी ज्या स्टेशनात शिरते, त्याच्या पाटीवर कोची हे नावच नाही. पाटी म्हणते, एर्नाकुलम. पहिल्यांदा जाणारा मराठी प्रवासी सामान हातात घेऊन दारात घुटमळतो आणि डब्यातल्या एखाद्या चेट्टाला, म्हणजे मल्याळी दादाला, विचारतो, कोची कधी येणार? उतरा, हेच कोची, असं उत्तर मिळतं. ते बरोबरही आहे आणि चूकही. पुस्तकात वाचलेली, मिरीच्या वासाची, ज्यू टाउनची कोची अजून दूर आहे. मध्ये पाणी आहे.

एर्नाकुलम ही मुख्य जमीन. तिच्या पश्चिमेला खाडी, खाडीत बेटं, आणि त्यापलीकडे समुद्राला चिकटलेल्या पट्टीवर फोर्ट कोची आणि मट्टांचेरी. या सगळ्याची मिळून एक महानगरपालिका झाली ती 1967 मध्ये. त्याआधी फोर्ट कोची ब्रिटिशांचं, मट्टांचेरी आणि एर्नाकुलम कोचीच्या राजाचं, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. फोर्ट कोचीहून मट्टांचेरीला चालत गेलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल पडायचं.

बंदर म्हणून या शहराचा जन्म एका पुरात झाला. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, उत्तरेकडच्या कोडुंगल्लूरचं, म्हणजे रोमन काळापासून नावाजलेल्या मुझिरिसच्या परिसरातलं बंदर गाळाने भरलं, आणि इथे खाली खाडीचं तोंड मोकळं झालं. व्यापार पाण्यामागे आला. व्यापारामागे माणसं आली आणि येतच राहिली. फोर्ट कोची आणि मट्टांचेरीच्या जेमतेम चार-पाच चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आज तीसच्या वर समाज राहतात, असं स्थानिक अभ्यासक मोजून सांगतात.

मराठी गावात आळी असते. कासारआळी, तांबटआळी, बुरूडआळी. नाव ऐकलं की तिथे काय चालतं हे विचारावं लागत नाही. कोची समजून घ्यायला हाच शब्द कामाला येतो. फरक एवढाच, की इथल्या आळ्या वसवणारी माणसं शेजारच्या तालुक्यातून आली नव्हती. कोणी कच्छहून आलं, कोणी अलेप्पोहून, कोणी लिस्बनहून, तर कोणी गोव्याहून रातोरात निघून.

बहुतेक पाहुणे सुरुवात करतात फोर्ट कोचीपासून. इथे फोर्ट नाही. मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण त्याच्याही फोर्टात फोर्ट नाही. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये कोचीच्या राजाच्या परवानगीने बांधलेला किल्ला डचांनी 1663 मध्ये जिंकला आणि आकाराने लहान करून टाकला. इंग्रजांनी 1806 मध्ये तो सुरुंग लावून उडवला. दोन शहरांची गाठ इतकीच नाही. 1661 च्या ज्या विवाहाच्या तहात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, त्यात डचांविरुद्ध इंग्रजांची मदत मिळावी हा एक मोठा हिशेब होता. मुंबई गेली, मदत काही वेळेवर आली नाही आणि दोन वर्षांत कोचीही गेली.

किल्ला गेला तरी त्याच्या आतल्या गल्ल्या राहिल्या. प्रिन्सेस स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट, रोझ स्ट्रीट. मैदानाच्या कडेला फांद्या पसरलेले जुने शिरीष. त्या मैदानापाशीच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो व्हाइसरॉय होऊन, आणि 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच मेला. त्याला या चर्चमध्ये पुरलं. 1539 मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे ज्या थडग्याचे फोटो काढायला रांग लागते ते जवळपास पाच शतकं रिकामं आहे. त्यापेक्षा चर्चच्या भिंती बघाव्यात. जमिनीतले कबरींचे दगड उचलून भिंतींना लावले आहेत, एका बाजूला पोर्तुगीज, समोर डच. जिवंतपणी एकमेकांचे गळे धरणारे मेल्यावर समोरासमोर उभे केलेले. छताला कापडी पंखे लटकतात; त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, कारण दोरी ओढणारा माणूस प्रार्थनेत नसे, तो बाहेर उन्हात असे.

जवळचं सांताक्रूझ बॅसिलिका तुलनेने नवं, 1905 चं. आतली चित्रं काढायला अंतोनियो मोस्केनी हा इटालियन धर्मबंधू आला होता, ज्याने मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपलच्या भिंती आणि छत रंगवलं तोच. कोचीचं काम झालं आणि चर्चच्या प्रतिष्ठापनेला चार दिवस उरले असताना तो वारला.

किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांबद्दल मात्र इतकं लिहून झालं आहे की हात आखडता घ्यावा. चार-सहा माणसं, लांबलचक वाशांची तरफ, मागे दोरीला बांधलेले दगड. वजनाच्या तोलावर अख्खं जाळं पाण्यात जातं आणि वर येतं. नाव चिनी, आणि पंधराव्या शतकात चिनी दर्यावर्दी झेंग हे याची गलबतं इथे आली होती हेही खरं. पण जाळ्याच्या भागांची मल्याळीतली बरीच नावं पोर्तुगीज वळणाची आहेत, त्यामुळे ही जाळी मकावहून पोर्तुगीजांनी आणली असावीत असा एक पक्ष आहे. आता जाळ्यात मासा कमी आणि दोरी ओढून बघायला आलेला पाहुणा जास्त सापडतो.

या पाहुण्याची रिक्षा जिथे थांबली तर तो दहा मिनिटांत परत निघतो, ती जागा म्हणजे वेली भागातला धोबीखाना. खरं तर इथे तासभर बसावं. डचांनी आपल्या फौजेचे कपडे धुवायला तमिळ मुलखातून वण्णार समाजाची माणसं आणली. डच गेले, इंग्रज आले, कपडे मळायचे थांबले नाहीत. तळ्याकाठी धुणारी ही कुटुंबं फोर्ट कोचीतच राहिली आणि 1976 मध्ये इथल्या विकास प्राधिकरणाने त्यांना आजचा धोबीखाना बांधून दिला. ओळीने सिमेंटच्या खोल्या, प्रत्येकीत पाण्याचं टाकं आणि आपटायचा दगड. खोली ठरलेल्या कुटुंबाची.

मागच्या मैदानात वाळत घातलेले कपडे बघण्यासारखे असतात. एकही चिमटा नाही. काथ्याच्या दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणलेल्या असतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचलेलं असतं. वारा कितीही सुटो, कपडा सुटत नाही. खळ तांदळाच्या पेजेची. आतल्या लांब खोलीत इस्त्र्या चालू, काही विजेच्या, काही अजून निखाऱ्याच्या, उचलताना मनगट वाकेल अशा जड. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे कपडे, कुणाचं लग्नाचं पांढरंशुभ्र मुंडू. वॉशिंग मशीन घरोघरी आलं तरी गिऱ्हाईक टिकून आहे ते या खळीमुळे आणि घडीमुळे. पुढची पिढी मात्र दगडापाशी उभी राहायला फारशी तयार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही.

फोर्ट कोचीहून पाण्याकडेने मट्टांचेरीकडे जाणारा रस्ता म्हणजे बाजार रोड. याच्या दोन्ही अंगांना वखारी. वखारीचं एक दार रस्त्यावर, दुसरं थेट पाण्यावर, होडी लागेल असं. तांदूळ, मिरची, सुंठ, खोबरं, डाळी यांचे ठोक व्यापारी अजूनही इथे बसतात. पोती उघडून वर नमुन्याची परात ठेवलेली असते. पण अनेक दारांवर कुलपं आहेत आणि काही दारांमागे कॉफी मिळते.

या रस्त्याची एक गोष्ट पर्यटनखात्याच्या पत्रकात नसते. इथल्या गोदीत हमालांना काम देण्याची एक पद्धत होती, तिचं नाव चप्पा. चप्पा म्हणजे धातूचा बिल्ला. रोज सकाळी शेकडो माणसं जमायची, मुकादम मूठभर बिल्ले गर्दीवर भिरकवायचा, आणि झुंबडीत ज्याच्या हाताला बिल्ला लागला त्याला त्या दिवसाचं काम. बाकीचे खरचटलेले हात घेऊन घरी. माणसाला माणसाशी लढवून मजुरी स्वस्त ठेवण्याची याहून उघडी युक्ती शोधून सापडायची नाही. तिच्याविरुद्धच्या लढ्यात 15 सप्टेंबर 1953 रोजी मट्टांचेरीत पोलिसांनी गोळीबार केला आणि कामगार मेले. राजीव रवी यांच्या ‘तुरमुखम’ या 2023 च्या मल्याळी चित्रपटात हा सगळा काळ आहे. कोचीला जाण्याआधी एखादीच गोष्ट बघायची असेल तर तो चित्रपट बघावा.

पुढे मट्टांचेरीचा राजवाडा. पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून राजाला नजर केला, डचांनी नंतर डागडुजी केली, आणि लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. बांधणाऱ्याचं नाव गेलं, दुरुस्ती करणाऱ्याचं राहिलं. आत राजाच्या शेजघराच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे, आवारात भगवतीचं देऊळ आहे, आणि देवळाच्या कुंपणाला लागून 1568 चं परदेशी सिनेगॉग.

सिनेगॉगमध्ये पाय पडतो तो चीनच्या कॅंटनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर. हाताने रंगवलेल्या, सगळ्या सारख्या वाटतात आणि जवळून पाहिल्यावर तशा नसतात. या फरश्या आणि 1760 चा घड्याळाचा मनोरा ही एझेकिएल राहाबी या डच कंपनीच्या बड्या व्यापाऱ्याची देणगी. त्याचा मुलगा डेव्हिड. रायगड-अलिबागकडच्या बेने इस्रायली कुटुंबांत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांत, धर्माची ओळख पुन्हा करून देणारा म्हणून ज्या दाविद राहाबीचं नाव घेतलं जातं, तो हाच असावा असं काही अभ्यासक मानतात. ते सिद्ध होवो न होवो, एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यूंनी मुंबईत येऊन मराठी बोलणाऱ्या या मंडळींना हिब्रू प्रार्थना शिकवल्या ही नोंदलेली गोष्ट आहे.

ज्यू टाउनबद्दल लिहिताना सगळे सहिष्णुतेवर थांबतात. राजाने आश्रय दिला, देवळाशेजारी सिनेगॉग उभं राहिलं, खरंच आहे. पण त्याच सिनेगॉगमध्ये गोऱ्या परदेशी ज्यूंनी मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बाकावर बसू दिलं जात नसे. त्यांच्यातलाच एक वकील झाला, अब्राहम बराक सालेम (1882–1967). त्याने सिनेगॉगमध्येच सत्याग्रह मांडला आणि अनेक वर्षांनी ही शिवाशिव सैल झाली. त्याला ‘ज्यू गांधी’ म्हणत. आपल्याकडच्या पर्वती आणि काळाराम सत्याग्रहांच्या आसपासचाच हा काळ.

1948 नंतर बहुतेक ज्यू इस्रायलला गेले. आता परदेशी ज्यू बोटांवर मोजावेत इतकेही नाहीत. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष बाहेरून पाहुणे आले तरच जमतात. गल्लीतला दुसरा आवाजही बंद झाला. इथे मिरीचा वायदेबाजार 1957 पासून भरायचा, मोठ्या खोलीत दलाल ओरडून भाव पुकारायचे आणि त्या भावाकडे जगभरच्या व्यापाऱ्यांचे कान असत. पुढे वायदे संगणकावर गेले. खोलीत ओरडायला कोणी उरलं नाही. आज ज्यू टाउनमध्ये पश्मिना शाली आणि जुन्या वाटाव्यात म्हणून नव्याने बनवलेल्या पितळी वस्तू मिळतात. गल्ली देखणी आहे, पण आळी म्हणून ती संपली आहे.

आळी जिवंत बघायची तर चेरलाईला जावं. तिथे मराठी माणसाचे कान टवकारतात. भाजीवालीशी चाललेली घासाघीस निम्मी समजते, कारण ती कोंकणी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळाला कंटाळून गोव्याहून निघालेले गौड सारस्वत इथे आले, राजाने जागा दिली, व्यापार वाढला आणि व्यंकटेशाचं तिरुमल देवस्थान उभं राहिलं. संबंध नेहमीच गोड राहिले नाहीत. शक्तन तंपुरान या राजाशी पैशावरून विकोपाला गेलं तेव्हा, 1791 मध्ये, लोक देवाची मूर्ती घेऊन त्रावणकोरात आलप्पुळ्याला पळाले आणि देव जवळजवळ सहा दशकं परगावी राहिला.

स्थलांतराची ही कहाणी नेहमी सारस्वतांची म्हणून सांगतात. त्यांच्याबरोबर कुडुंबी आले, सोनार आले, वाणी आले. कुडुंबींची भाषाही कोंकणीच. पोहे कांडणं, ओझी वाहणं, शेतमजुरी ही कामं त्यांच्या वाट्याला आली. केरळात शिमगा सहसा कोणी खेळत नाही, कुडुंबी खेळतात, हळदीच्या पाण्याने. गोव्याच्या वाटेवरून त्यांनी देव आणला की नाही माहीत नाही, शिमगा मात्र नक्की आणला.

याच कोंकणी वस्तीतून एक असं काम झालं ज्याची मराठी शाळेत ओळख व्हायला हवी होती. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींचा कोश करायला घेतला, ‘होर्तुस मलाबारिकुस’. बारा खंड, सातशेहून अधिक झाडं, आम्स्टरडॅममध्ये 1678 ते 1693 या काळात छापलेले. झाडांची माहिती देणारे मुख्य दोन गट. एक, इट्टी अच्युतन हा ईळवा समाजातला वैद्य. त्या काळात खालचा मानलेल्या जातीतला. दुसरे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. आम्ही दिलेली माहिती खरी आहे, अशी या तिघांनी 1675 मध्ये लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात जशीच्या तशी कोरून छापली आहे, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. झाडांच्या चित्रांवरही लॅटिन, मल्याळी, अरबी यांच्यासोबत नागरीत नावं आहेत.

देवनागरी टाइपातलं पहिलं मराठी पुस्तक म्हणून ओळखलं जाणारं विल्यम कॅरीचं व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला निघालं ते 1805 मध्ये. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी कोचीच्या तीन वैद्यांचं नागरी हस्ताक्षर आम्स्टरडॅमच्या छापखान्यातून बाहेर पडलं होतं. मूळ लॅटिन ग्रंथ सामान्य वाचकाला बंदच होता. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षं घालून त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते 2003 मध्ये आलं, मल्याळी त्यानंतर. मराठीला अजून मुहूर्त लागायचा आहे.

चेरलाईपासून चालत गुजराती रोडवर गेलं की फाफड्याचा वास येतो आणि दुकानावरच्या पाटीची लिपी बदलते. सुंठ आणि मिरीच्या व्यापारासाठी आलेल्या गुजरात्यांची शाळा, महाजन, 1904 चं जैन देरासर असा सगळा संसार इथे आहे. जरा पुढे कच्छी मेमणांची मशीद आणि बिर्याणीची हॉटेलं. दखनी बोलणाऱ्या मुसलमानांची घरं वेगळी. त्यांच्यातल्याच मेहबूबने मल्याळी सिनेमात गाणी गायली आणि गल्लीगल्लीतल्या मैफली गाजवल्या. नंतर उंबायी याच मट्टांचेरीचा, तो मुंबईत तबला शिकून आला आणि मल्याळीत गझल गाऊ लागला. दखनीतला ठासून सांगणारा ‘च’ मूळचा मराठीचा, हे ऐकलं की कोचीच्या मैफलीतली कोपऱ्यातली एक जागा आपलीही वाटते.

या सगळ्या आळ्यांच्या पोटावर पाय आला तो विकासामुळेच. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी राहत आणि माल होड्यांनी मट्टांचेरीच्या वखारींत येई. 1920 मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने तो बांध खणून काढला. 26 मे 1928 रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली, ती मुंबईहून आलेली. गाळ उपसून विलिंग्डन बेट तयार झालं, धक्के तिकडे गेले, आणि वखारींची पाण्याकडची दारं हळूहळू बिनकामाची झाली.

खाडीपलीकडे वैपीन. तिथे 2010 मध्ये एक वृद्ध गृहस्थ वारले आणि त्यांच्याबरोबर कोचीची पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषेच्या मिसळीतून झालेली बोली, संपली. तिची बहीण अजून जिवंत आहे आणि ती आपल्याच रायगड जिल्ह्यात, रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात. किल्ल्याच्या पायथ्याशी काहीशे माणसं ती मराठी वळणाने बोलतात. कोचीची बोली गेल्यावर हळहळणारे लेख आले. कोर्लईला मात्र पर्यटक दीपगृह बघून परततात.

2012 च्या डिसेंबरात 12 तारखेला कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारी कलाजत्रा, सुरू झाली. ती उभी करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. ॲस्पिनवॉल हाउससारख्या ओस वखारींत चित्रं आणि शिल्पं आली, जगभरचे लोक आले. इमारती वाचल्या, यात शंका नाही. पण त्याच लाटेत आजूबाजूच्या घरांची होमस्टे झाली, भाडी चढली आणि जुन्या भाडेकरूंना शहराबाहेर जावं लागलं. वखार वाचवणं सोपं, तिच्यात पोती उचलणाऱ्याला शेजारी राहता येणं अवघड. तेव्हापासून कोचीने पहिलं केलं आहे, दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जाणार असाल तर एर्नाकुलमहून गाडीने न जाता बोटीने जा. 2023 पासून वॉटर मेट्रो आहे, सरकारी जुन्या बोटीही चालतात. सकाळी वेलीचा धोबीखाना, मग बाजार रोडने पायी, दुपारी बाराच्या सुमारास गुजराती रोडच्या देरासरापाशी, तेव्हा कबुतरांना दाणे टाकतात. ज्यू टाउन शेवटी ठेवा. राजवाड्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, सिनेगॉग शनिवारी.